पाठीवरची निळी रेघ

ही गोष्ट मी अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. अर्धी. उरलेली अर्धी ओठांवर आली की पाण्याचा ग्लास उचलायचो. इतकी वर्षं टाळलं. आज सगळी लिहितो.

एमबीबीएसचं पहिलं वर्ष. शरीररचनेच्या तासाला उघड्या अंगावर निळ्या पेन्सिलीने नसा आखत. कातडीखालचा मज्जातंतू बाहेरून कुठे सापडतो, ते जिवंत माणसावर शिकायचं. त्यासाठी एकाने शर्ट काढून टेबलावर बसायचं. पाळीपाळीने, असं म्हणत. पाळी माझीच यायची.

"चला, सरकारी पाहुणे," सर म्हणायचे. "फुकट शिकताय, अंग तरी कामी येऊ द्या."

माझा बाप दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. आम्ही बौद्ध. माझ्या बरगड्या दिसायच्या. सर त्यांवर पेन्सिल टकटक करायचे. "दुष्काळी माल. सगळं वरूनच वाचता येतं." पोरं हसायची. मेसमध्ये माझ्या कोपरावरची निळी रेघ बघून नेमक्या तिथल्या नसेवर पट्टी मारायची. करंगळीपर्यंत झिणझिण्या जायच्या. पोरं म्हणायची, "बघ, बरोबर आखलंय."

मग पाठीच्या कण्याचा तास आला.

"पाहुणे, उठा."

मी उठलो नाही. म्हणालो, "सर, आज मी शर्ट काढणार नाही."

माझी गोष्ट व्यासपीठावर इथेच संपते. इथे टाळ्या पडतात. पोरं फोटो काढायला येतात.

पण तास संपला नव्हता. सर हसले. "बरं. मग कोण? तूच सांग."

पहिल्या बाकावर नागपूरच्या सर्जनचा गुबगुबीत मुलगा बसला होता. त्याचं नाव घेता आलं असतं. पाळीने घ्या, असंही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "लेतूला घ्या."

लेतू माझ्या खोलीतला. घाटंजीकडच्या कोलाम पोडातला, आदिवासी वस्तीतला. सरांच्या आणि हसणाऱ्या पोरांच्या शिडीवर माझ्याही खालच्या पायरीवरचा. तो उलटून बोलणार नाही, हे मला माहीत होतं. आणखी एक माहीत होतं. तो हॉस्टेलच्या नळावर बनियन घालून आंघोळ करायचा. कमरेवर, मधोमध, जन्मापासून केसांचा झुपका होता. मला एकट्याला दाखवला होता. "कोनाले सांगू नको बे."

लेतूने माझ्याकडे बघितलं. मग शर्ट काढला, मग बनियन.

पेन्सिल मणका मणका खाली उतरली. "मज्जारज्जू साधारण इथे संपतो," सर म्हणाले. आणखी खाली आले आणि थांबले.

"अरे वा! शेपूट!"

शंभर पोरं उठून बघायला आली. सरांना रंग चढला. "आईच्या पोटात गर्भाच्या पाठीवर पन्हळ पडते. चौथा आठवडा संपेपर्यंत तिचे काठ जुळून नळी होते. वर मेंदू, खाली मज्जारज्जू. या गड्याचं खालचं टोक शिवायचंच राहिलं. अर्धवट शिवलेला माणूस!"

खोटं होतं. लेतूचा मज्जारज्जू शाबूत होता. फक्त कमरेच्या एका मणक्याची कमान मागून जुळली नव्हती. पुष्कळांना असतं, जन्मभर कळतही नाही. सरांना हे पक्कं माहीत होतं. आम्हाला त्यांनी ते नंतर शिकवलं, लेतू कॉलेज सोडून गेल्यावर.

त्याच तासाला त्यांनी सांगितलं की कातडी आणि मेंदू गर्भाच्या एकाच थरातून घडतात. मी ते वहीत उतरवून घेतलं. लेतू टेबलावर बसलेला होता आणि मी लिहीत होतो.

त्या दिवसापासून त्याचं नाव शेपूट. दिवाळीला गावी गेला, परत आला नाही. मी डॉक्टर झालो. दिग्रसला दवाखाना टाकला. माणसं मला लढवय्या म्हणू लागली.

गेल्या वर्षी घाटंजीत एका मंडळाने माझा सत्कार केला. मी अर्धी गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. भेटायला येणाऱ्यांच्या रांगेत एक वाळलेला म्हातारा होता. समोर आला.

"वळखलं काय, डॉक्टर?"

वळखलं.

"चांगला बोलला. लय टाळ्या पडल्या." मग अगदी साध्या आवाजात, "पन त्या दिवशी मी कोठी होतो बावा? तुह्या गोष्टीत मी दिसलोच नाही."

"लेतू, तुले..." मी तोंड उघडलं. तेवढ्यात कार्यकर्त्याने माझा खांदा धरून वळवलं. "साहेब, फोटो!" शाल नीट केली. मी कॅमेऱ्याकडे बघितलं. परत वळलो तेव्हा लेतू दारातून बाहेर पडत होता. मला पाय होते. मी दुसऱ्या फोटोसाठी उभा राहिलो.

यंदा त्याच मंडळाचं बोलावणं आहे. मी जाणार. शाल घेणार नाही. 'नाही' म्हटल्यावर थांबणार नाही, पाण्याचा ग्लास उचलणार नाही. त्या बाकांवर हसलेल्यांचे आज मोठमोठे दवाखाने आहेत; त्यांनाही ऐकू जाऊ दे. पण पहिलं नाव माझं घेईन. टाळ्या वाजवायला कुणी हात उचलला, तर त्याला हात खाली घ्यायला सांगेन.

लेतू येईल, न येईल. कॅमेऱ्यासमोर तोंडात राहिलं ते वाक्य एवढंच होतं:

लेतू, तुले त्या टेबलावर म्या बसवलं बे.