नाण्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

मालवणहून येताना आचऱ्याच्या अलीकडे लागणाऱ्या आमच्या गावात कुठलंही काम सुरू करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. होडी पाण्यात लोटायची असो की दुकानाचं शटर वर करायचं असो, एकाने मोठ्याने देवाला विनवायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. वडिलांनंतर तो माझ्याकडे आला आणि खरं सांगतो, मला त्याचा गर्व होता. पोस्टातली नोकरी मी निवृत्तीपर्यंत पोटासाठी केली, गाऱ्हाणं मात्र छाती फुगवून घातलं.

भाऊ लवकर गेला, म्हणून पुतण्या माझ्याच घरी वाढला. तिशीला आला तरी नोकरीचं नाव नाही. बांगडा कसा साफ करावा, सोलकढीत मिरची किती घालावी, असले व्हिडिओ मोबाइलवर टाकायचा. मी त्याची टर उडवायचो. पण मुंबईपासून गोव्यापर्यंत पोरं त्याला ओळखायला लागली, तेव्हा चारचौघांत "आमचो आसा तो" म्हणणाराही मीच.

गेल्या वर्षी तो म्हणाला, "काका, मालवणात पोरांसाठी कार्यक्रम ठेवलंय. सुरवातीक एक गाऱ्हाणा घाला. तुमच्यासारखा कोणाक जमता?"

"कसलो कार्यक्रम रे?"

"पोरांका बचत शिकवची आसा."

बचत म्हटल्यावर पोस्टातला माणूस विरघळणारच. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी इस्त्रीचा सदरा घालून चढलो. हॉटेलचा हॉल कॉलेजच्या पोरापोरींनी भरला होता. काहींना तर मिसरूडही फुटलं नव्हतं. मी हात जोडून आवाज लावला, "बा देवा महाराजा! ही तुझी लेकरां हय जमलेली आसत. तेंनी जो काय कामधंदो हाती घेतलेलो आसा, तेका यश दी रे महाराजा!" सगळा हॉल गरजला, "होऽय महाराजा!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग एसी बाधतो म्हणून मी बाहेर येऊन चहा पीत बसलो. आत काय शिकवलं ते ऐकलंच नाही. ही चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही.

आत शिकवलं ते क्रिप्टो. हाताला न लागणारं, मोबाइलमध्येच वाढणारं कसलंसं नवीन नाणं. दोन दिवसांनी पुतण्याने व्हिडिओ टाकला. त्यात माझं तोंड, माझा आवाज, आणि 'तेका यश दी रे' म्हणताना मागे ते नाणं गरगर फिरतंय. वर अक्षरं, 'आता देवच पाठीशी'. मला कोणीतरी बाजारात दाखवला. मी हसलो. हो, हसलो! पोरगं काकाला प्रसिद्ध करतंय, असं वाटलं.

चार महिन्यांत नाणं कोसळलं आणि ते अॅप उघडेनासं झालं.

मग एके दिवशी दुपारी आमच्या मासेवालीची मुलगी आली. बारावी झालेली, नर्सिंगला जाणार होती. ती पाळण्यात असताना तिच्या आईने माझ्याकडेच पोस्टात तिचं खातं उघडलं होतं, आणि आठवड्याच्या बाजारानंतर ओल्या हातानेच पैसे भरायला यायची. अठरा पुरी होताच पोरीने ते सगळं काढून नाण्यात घातलं होतं. आईला अजून माहीत नव्हतं. फी भरायची मुदत पंधरा दिवसांवर आली होती.

मला वाटलं, आता शिव्या घालील. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "काकानू, तुमी देवाक सांगलास म्हणान मी घातलंय. आणखी एकदा गाऱ्हाणा घालतास? पैसे परत मेळतले?"

तिने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पुतण्या तेव्हा गोव्यात होता. फोनवर त्याचा आवाज थंड होता. नाणंवाल्यांनी त्याला त्या कार्यक्रमाचे आणि व्हिडिओचे पैसे मोजले होते, हे त्याने नाकारलं नाही. "काका, मी खंय कोणाक सांगलंय पैसे घाला म्हणान? खाली बारीक अक्षरात लिवलेला आसा, जोखीम तुमची. आणि तक्रार करशात तर पयला नाव तुमचा येतला. आशीर्वाद तुमी दिलास, मी न्हय."

म्हणजे माझा आवाज त्याला आवडत नव्हता, त्याला आडोसा हवा होता. ज्याला मी मांडीवर बसवून गाऱ्हाण्याचे शब्द शिकवले, त्यानेच केसाने गळा कापला. त्या दिवशी मी जेवलो नाही. रडलोसुद्धा, लाज कसली?

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेब सभ्य होते. म्हणाले, "क्रिप्टो घेणं-विकणं हा गुन्हा नाही, त्यावर कर लागतो. पण पैसे घेऊन जाहिरात करायची, ते लपवायचं आणि वर हमी द्यायची, ही फसवणूक ठरते का, ते तपासावं लागेल." मग त्यांनी व्हिडिओ लावला आणि मोबाइल माझ्याकडे वळवला. "इथे हमी कोण देतंय, काका?"

मी म्हटलं, "मी. माझं नाव लिहा. आणि कार्यक्रम कोणी भरवला, त्याचंही लिहा." भावाच्या मुलाचं नाव मीच सांगितलं. तपास अजून चालू आहे. पैसे आले नाहीत. मी फी देऊ केली, तर तिच्या आईने दारातूनच परत पाठवलं. नर्सिंगचं वर्ष गेलं. मुलगी आता वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात कामाला असते.

मग देवळाची जत्रा आली. मान माझाच, टाळता येईना. सगळा गाव समोर उभा होता, आणि पोरांच्या हातात मोबाइल. नेहमीचे शब्द संपले, तरी मी थांबलो नाही. म्हटलं, "बा देवा महाराजा! तुझा नाव घेवन माझ्या तोंडान ह्या पोरांची फसवणूक झाली रे महाराजा!"

एरवी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ओ देणारा गाव खाली बघत होता. माझा भाचा हळूच म्हणाला, "मामानू, पुरे."

तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून एकच आवाज आला. मासेवालीची मुलगी जत्रेला आली होती.

"होय महाराजा."