नंदूदादाच्या दुमडलेल्या बाह्या

मी नंदूदादाशी आयुष्यात एकदाच खोटं बोलले.
त्यानं ते खरं मानलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळी वहिनीनं फोटोला हार घातला. फोटोत त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आहेत.
मला वर बघवेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नंदूदादा माझा मामेभाऊ. पूल खेळायचा, म्हणजे टेबलावर लांब क्यूनं बॉल पॉकेटमध्ये घालायचा तो खेळ. पुण्यात राहून आयुष्यभर तेच केलं, खेळला आणि शिकवला.
मामा शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, "आमचा नंदू काठीनं गोट्या ढकलतो. अन् त्याच्यावर घर चालवतो, बोला."

सुरुवात मात्र कॅरमनं झाली. येडशीला, मामांच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर.
मी आठ वर्षांची. दादा मामांना हरवायच्या बेतात होता, आणि मी म्हणाले, "स्ट्रायकर खालच्या रेषेला टेकला नव्हता."
त्यानं माझ्याकडं बघितलं. घेतलेली सोंगटी गुपचूप परत बोर्डावर ठेवली. हरला.
"ही पोरगी खोटं बोलायची न्हाय," म्हणाला. "आजपासून ही पंच."

तेव्हापासून मी पंच. माझं नाव त्यानं क्वचितच घेतलं.

दोन वर्षांपूर्वी थंडीत त्याचा फोन आला.
"पंच, धाराशिवला टूर्नामेंट हाय. मी खेळतोय. दिवसभर माझ्यासमोर बसायचं."
मी हसले. "तू? आमच्या इथल्या टूर्नामेंटमध्ये?"
"व्हय. भाकरी अन् शेंगाची चटणी आण."

खरं कारण त्यानं हॉलच्या जिन्यात सांगितलं. खाली हार्डवेअरचं दुकान, वर तीन टेबलांचा हॉल. मधल्या पायरीवर तो थांबला.

डावा हात कधीकधी हलतो, असं त्याला वाटत होतं. टेबलावर टेकवून ज्याच्यावर क्यू पेलायची, तोच हात.
"नेम धरताना माझं लक्ष बॉलवर असतंय. हाताकडं बघता येत न्हाय. तू बघ."
"पुण्यात विचार ना कुणाला तरी."
"दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळंल. हात गेला की खेळ गेला, पंच. हलला तर सरळ सांग, उद्याच सोलापूरला डॉक्टरला दाखवतो. न्हाय हलला, तर माझ्या मनाचे खेळ. विषय संपला."
"वहिनीला?"
"ती मला आजच खाटेवर निजवंल."

मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.
पहिल्या दोन मॅच त्यानं सहज जिंकल्या. हात दगडासारखा. मला हायसं वाटलं. मी मोबाइलसुद्धा बघितला.

तिसरी मॅच तुळजापूरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याशी. त्याचे मित्र मागून ओरडत होते, "भाऊ, घाबरू नको, पुण्याचं पाणी हितं चालत न्हाय."
दादा हसला. वाकला. डावा हात टेबलावर टेकवला. हाताला लागूनच एक पिवळा बॉल होता.

आणि त्याची बोटं हलली.
थंडीनं हलतात तशी नाहीत. कुणीतरी आतून दोरी ओढावी तशी.
पिवळा बॉल तांदळाएवढा सरकला.

कुणालाच दिसलं नाही. रेफरी दाराकडं बघत होता.
दादा उभा राहिला, हात वर केला. "फाऊल. माझा. बॉलला काहीतरी लागलं."
मोबाइलवाला म्हणाला, "सर, मला तर काहीच दिसलं न्हाय."
"मला कळलं ना."
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅच तिथंच गेली.

तो माझ्याकडं आला. क्यूच्या टोकाला लावतात तो चॉक पुसायचं फडकं हातात. हळूच विचारलं,
"हात व्हता का?"

त्याच्या चेहऱ्यावर जे येणार होतं, ते मला जरा पुढं ढकलायचं होतं. एवढंच. जेवू दे, मग सांगू.
त्याच्या कफला निळा चॉक लागला होता. तेच सुचलं.
"हात नाही, दादा. बाही लागली."

त्यानं कफ बघितला. "तरीच." तिथंच उभ्या उभ्या दोन्ही बाह्या दुमडल्या. मग अडीच भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तो पुण्याच्या गाडीत बसला.
फोनवर सांगू म्हटलं. फोनवर तो इतका मजेत असायचा.

पावसाळा संपेपर्यंत त्याच्या हातातून चमचा पडायला लागला. मेंदूत गाठ निघाली. मी पुण्याला गेले.
डॉक्टरांनी विचारलं, "हात कधीपासून हलतो?"
"दोन महिनं झालं."
"त्याआधी?"
"थंडीत शंका आलती. पण तसलं काय न्हवतं. ही बसली व्हती समोर, हिला इचारा. ही खोटं बोलत न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.
मी त्याच्या दुमडलेल्या बाहीकडं बघत राहिले.
त्यांनी कागदावर लिहून घेतलं, दोन महिने.

आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. पडला असता म्हणाले तर जगता येणार नाही. नसता पडला म्हणाले तर विश्वास बसणार नाही.

आज पानावर बसताना वहिनी म्हणाली, "त्या दिवसापासून त्यांनी बाह्या कधी सोडल्याच नाहीत, वन्सं. थंडीतसुद्धा. म्हणायचे, पंचांनी सांगितलंय."
मी मान खाली घालून जेवले.

वहिनी हे वाचेल. वाचू दे.

बाही नव्हती, दादा.
हात हलला होता. मी स्पष्ट बघितला होता.

सोंगटी परत ठेवायला आता बोर्ड नाही.
श्रद्धांजली म्हणायला जीभ रेटत नाही. नुसता नमस्कार करते.

तू जा निवांत.