वकिलानं नको म्हटलं नव्हतं

जपून वागणारा माणूस, अशी अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळींत माझी ख्याती होती. ती मी कधी खोडून काढली नाही.

२००६च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत लेक कॉलेजमधून घरी आली, मध्ययुगीन ख्रिस्ती नीतिविचारावरचा अर्धा लिहिलेला पेपर घेऊन. सणाच्या आदल्या संध्याकाळी मी टेबलाशी फरसबी मोडत होतो, ती समोर लॅपटॉप उघडून.

"बाबा, ऐक ना. हे लोक म्हणतात, काही नियम कुणी शिकवावे लागत नाहीत. जीव जपा, मुलांना वाढवा, खरं शोधा. बायबल न वाचलेल्यालाही ते आतून कळतात. नॅचरल लॉ."

"आमच्या आईनं कुठं वाचलं होतं!"

"एक्झॅक्टली! आजी माझं एक्झाम्पल आहे. आणि प्रूडन्ससाठी तू."

"विवेकासाठी? मी?"

"हो. पण शहाणपणामागचा हेतू चांगला हवा हं. नुसतं स्वतःला वाचवायला वापरलं, तर तो विवेक नाही, त्याचं सोंग. आणि घाबरून केलेलं, तरी केलेलं आपलंच."

माझे हात थांबले. "मला काढ त्यातून," मी म्हणालो.

"का?"

चार वर्षांपूर्वी नागपूरला आई शेवटची आजारी होती. ताई रोज फोन करायची. मी सांगितलं, ग्रीन कार्डची फाइल मध्यावर आहे, वकील देश सोडू नका म्हणतोय. आमच्यात हे कारण कुणी तपासून बघत नाही; प्रत्येकाचं कधी ना कधी काही अडकलेलं असतंच. लोक डबे घेऊन आले, "काय करणार, कागदपत्रं," म्हणाले. खरं तर वकील म्हणाला होता, खुशाल जा. पण ऑफिसात माणसं कमी करत होते, आणि माझी रिकामी खुर्ची आधी नजरेत भरेल, ही भीती. तीन आठवड्यांनी आई गेली.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. बायको सिंकपाशी होती. तीही पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं नळ बंद केला.

लेक उठून माझ्या शेजारी येऊन बसली. 'इट्स ओके' म्हणाली नाही, याचं मला बरं वाटलं.

"आत्याला माहितेय?"

"नाही."

"तिकडे उजाडलं असेल," बायको म्हणाली, आणि फोन आणून माझ्यापुढं ठेवला.

ताईला फोन लावून मी हेच सगळं पुन्हा सांगितलं.

"चार वर्षं त्या वकिलाला शिव्या घालतेय रे मी," ती शेवटी म्हणाली. "आईलाही म्हटलं, तो मेला सोडत नाही तुझ्या पोराला. तर म्हणते कशी, असू दे, त्याचंही काही कारण असेल."

मला रडू फुटलं.

"रडू नको. त्या तीन आठवड्यांत रोज काय करत होतास, ते सांग आता. खरं सांग."

लेकीनं माझा ओला हात धरला. मी पहिल्या सोमवारपासून सांगायला लागलो.