आणि पत्र खरं निघालं असतं तर?

पेडगाव सेंटरचे गिराम माझ्या टेबलासमोर बसले होते आणि तेच पत्र पुन्हा पुन्हा उलगडून दाखवत होते.

"सही हाय, शिक्का हाय, जावक नंबर हाय. ड्रायव्हरची चलनावर सहीबी घेतली मी. अजून काय करावं साहेब मानसानं?"

मी पत्र वाचलं. लेटरहेड आमच्याच संस्थेचं. तुमच्या सेंटरवरचा अमुक लॉट उगवण चाचणीत फेल झाला आहे, वाटप ताबडतोब बंद करा, सगळा माल येणाऱ्या जीपमधून परभणीला पाठवा. वर लाल शाईत 'अत्यंत तातडीचे'. भानगड एवढीच होती, की असं पत्र आमच्या ऑफिसातून गेलंच नव्हतं. जीपही आमची नव्हती. पेडगाव सेंटरवरचं संकरित कापसाचं सगळं बियाणं पेरणीच्या तोंडावर निघून गेलं होतं. पोती जीपमध्ये चढवायला गिरामांनी स्वतः हात लावला होता, वर ड्रायव्हरला चहा पाजला होता.

मी तेव्हा एका बियाणे संस्थेत नोकरीला होतो. संस्थेचं नाव घेत नाही, त्यातली बरीच माणसं अजून हयात आहेत. परभणीला हेड ऑफिस आणि जिल्ह्यात गावोगावी एकेका खोलीची सेंटरं. प्रत्येक सेंटरवर एकच माणूस. कुलूप त्याचं, माल त्याचा, जिम्मेदारी त्याची. लॉट म्हणजे बियाण्याची एक खेप. उगवण चाचणी म्हणजे त्यातल्या मोजक्या बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि किती उगवल्या ते बघायचं. लॉट फेल झाला की तो परत मागवायचा हा नियमच होता, म्हणून पत्रात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं.

बरं, ते आलं होतं आमच्याच पद्धतीनं. सेंटरवर फोन नसत. टपालाला दोन-तीन दिवस लागत. म्हणून आम्ही सगळे कागद एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचो. परभणीच्या स्टँडवर लिफाफा द्यायचा, गावात सेंटरवाला उतरवून घ्यायचा. कुणीतरी हे नीट बघून ठेवलं होतं. सकाळच्या गाडीनं पत्र गेलं आणि दुपारी मागोमाग जीप.

आमचे मॅनेजर मुळे साहेब तापट नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी गिरामांना उभ्या उभ्या सस्पेंड केलं. मग मला आत बोलावलं. फील्डच्या लोकांच्या ट्रेनिंगचं काम माझ्याकडं होतं.

"खिल्लारे, पेरणीच्या आत सगळ्या सेंटरवाल्यांचं ट्रेनिंग झालं पाहिजे."

"काय शिकवू?"

"खोटं पत्र ओळखायला. त्यात काय एवढं?"

मलाही तेव्हा तसंच वाटलं. मी सगळ्यांना परभणीला बोलावलं. एक खरं पत्र आणि गिरामांचं खोटं पत्र शेजारी शेजारी मांडलं. शिक्क्याची कडा बघा, सहीचा शेवटचा फराटा बघा, जावक नंबर मागच्या पत्राच्या पुढचा आहे का बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवून आपापल्या गाडीनं गावी गेले. मी खूश.

आठवड्यानं मी परीक्षा घेतली. कुणाला न सांगता स्वतःच खोटी पत्रं तयार केली आणि कंडक्टरांच्या हाती काही सेंटरना पाठवली. खोटं कशाला बोलू, ते पत्र लिहिताना मला मजा आली. दुपारी भाड्याची जीप पाठवली. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, पोती दाराबाहेर आली की म्हणायचं, ही परीक्षा होती, पोती आत घ्या.

जवळजवळ सगळीकडं पोती दाराबाहेर आली.

मुळे साहेबांनी हात पुढं केला. "नावं द्या. मेमो काढतो एकेकाला."

मी म्हणालो, "दोन दिवस द्या." का म्हणालो, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. माणसं फसली म्हणून राग होता, पण त्यांना फसवलं मीच होतं, हे टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताडकळसला गेलो. तिथल्या सेंटरवर सुमन भालेराव होत्या. हिशेबी, कमी बोलणाऱ्या. नोकरी टेंपररी. कायम होण्याचा कागद त्याच हंगामात निघायचा होता. घर त्यांच्या एकटीवर चालत होतं. मी आत शिरताच त्या उभ्या राहिल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "साहेब, एक खरं सांगू का? तुमचं ते पत्र मला खोटंच वाटलं व्हतं."

"कशावरून?"

"मुळे साहेब 'ताबडतोब' कवाच लिहीत न्हाईत. 'त्वरित' लिहितात. आन् लॉट फेल झाला तर आदी आपल्याकडून नमुना मागवतात. नमुना तर कुनी नेलाच न्हाई."

मी चाट पडलो. यातलं काहीच मी शिकवलं नव्हतं. "मग पोती बाहेर का काढली?"

त्यांनी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघून घेतलं. मग म्हणाल्या, "आन् पत्र खरं निघालं असतं तर? खोट्याला माल दिला तर म्हनतील, बाई फसली. खऱ्या सायबाला अडवलं तर म्हनतील, बाई माजली. फसलेली बाई एखाद्या वेळी ठिवतील कामावर. माजलेली कोन ठिवनार हाय?"

परतताना मी पेडगावला गिरामांच्या घरी गेलो. त्यांना सरळ विचारलं, तुम्हालाही संशय आला होता का? ते मान खाली घालून बसले. "शिक्का जरा वाकडा वाटला व्हता. पन सायबाच्या शिक्क्याला वाकडं म्हनावं कुनी?"

गाडीत बसल्यावर मला स्वतःची लाज वाटली. ज्या गोष्टी या लोकांना माझ्यापेक्षा चांगल्या कळत होत्या, त्या मी त्यांना दिवसभर शिकवल्या होत्या. ओळखणं त्यांना जमत होतं. विचारणं जमत नव्हतं. आमच्या भागात साहेबाचा कागद आला की तो डोक्याला लावायचा, उलटा प्रश्न करायचा नाही, ही सवय पिढ्यान् पिढ्यांची. साहेब बदलले, सवय तशीच राहिली.

मी मुळे साहेबांपुढं जाऊन बसलो.

"नावं आणली?"

"नाही. एक कागद आणलाय. त्यावर तुमची सही पाहिजे."

कागदावर मी एवढंच लिहिलं होतं. माल हलवण्याचं कोणतंही पत्र आलं, तर ज्या गाडीनं पत्र आलं तिच्याच कंडक्टरच्या हाती चिठ्ठी परत पाठवायची. माझ्या अक्षरातलं उत्तर येईपर्यंत पोतं हलवायचं नाही. आणि खाली: अशा रीतीने माल थांबवणाऱ्यास, पत्र खरे असले तरी, कोणतीही शिक्षा होणार नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मी स्वतः गेलो तरी मला थांबवतील?"

"हो."

"उन्हात?"

"चहा पाजतील."

"खिल्लारे, असं केलं तर माझा वचक राहील का?"

"वचक होता म्हणून तर पेडगावचा माल गेला, साहेब."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि कागद परत एकदा वाचला. मग सही केली. गिरामांना कामावर परत घ्या, हेही मी त्याच दमात मागून घेतलं, कारण मला ते पुढच्या वर्गात हवे होते.

दुसरं ट्रेनिंग तासाभराचंच झालं. आधी गिराम उभे राहिले आणि आपण कसे फसलो ते त्यांनी सांगितलं. चहाचंसुद्धा सांगितलं. कुणी हसलं नाही. मग मी साहेब झालो. खुर्चीवर पाय पसरून बसलो आणि एकेकाला पुढं बोलावून ओरडायला लागलो, "माल काढ! मला ओळखत नाहीस का?" त्यांनी फक्त म्हणायचं होतं, "थांबा साहेब, चिठ्ठीचं उत्तर येऊ द्या." चांगली धडधाकट माणसं, पण 'थांबा'च्या पुढं जात नव्हती. एकानं तर सवयीनं मला खरंच पोतं काढून देतो म्हणून सांगितलं. सुमनबाईंचा आवाज इतका बारीक, की मला दोनदा म्हणावं लागलं, "ऐकू आलं नाही." तिसऱ्या वेळी ऐकू आलं.

साहेबांच्या सहीच्या कागदाच्या प्रती मी प्रत्येक सेंटरच्या भिंतीला लावल्या आणि चिठ्ठ्यांची वाट बघत बसलो. आठवडा गेला. माल इकडून तिकडं जात होता, पत्रं सुटत होती, पण एकही चिठ्ठी आली नाही.

पहिली चिठ्ठी आली ती ताडकळसची, बाजारच्या दिवशी. "संचालक साहेब जीप घेऊन स्वतः आलेत. निम्मा माल मानवत सेंटरला नेतो म्हणतात. माल थांबवला आहे. पत्र खरे का खोटे कळवा. सु. भालेराव."

मी जावक रजिस्टर उघडलं. पत्र खरं होतं. सकाळीच मुळे साहेबांनी सोडलं होतं आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. हे आमच्या संस्थेचे एक संचालक, त्यांना आपण अण्णासाहेब म्हणू, त्या भागातले मोठे जमीनदार. सुमनबाई बौद्ध, मीही बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाच्या त्या वर्षांत चार माणसं जमली की गोष्ट पोत्यांपुरती राहत नसे. उत्तर कंडक्टरकडं न देता मी स्वतःच त्या गाडीत बसलो.

अण्णासाहेब सेंटरसमोर खुर्चीवर बसले होते. पुढ्यातला चहा तसाच. बाजारातली माणसं गोल करून उभी. सुमनबाई दारात, किल्ली मुठीत. मी सुमनबाईंच्या हाती उत्तराची चिठ्ठी दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली, माझं अक्षर पुन्हा एकदा बघितलं आणि मग कुलूप काढलं. पोती मोजून दिली, चलनावर सही घेतली.

अण्णासाहेब जाताना मला म्हणाले, "खिल्लारे, बाई तुमच्यातलीच दिसायलीय. चांगली शिकवून ठिवली."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. "त्या बाईला काढा. भर बाजारात मला बसवून ठिवलं."

मी तिथंच उभा होतो. बोलायला पाहिजे होतं. पण मी बोललो तर जातवाला म्हणून बाजू घेतोय असंच ऐकू जाईल, या भीतीनं माझी जीभ उचलली नाही. ते मला अजून खुपतं.

मुळे साहेबांनी ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखा वाचला. "अण्णासाहेब, हे मी लिहून दिलंय."

"पत्र खरं व्हतं की!"

"तरीसुद्धा, असं लिहिलंय."

"मग फाडा तो कागद."

"सगळ्या सेंटरच्या भिंतीला लागलाय. कुठं कुठं जाऊन फाडू?"

अण्णासाहेब उठून गेले. साहेबांनी सुमनबाईंची चिठ्ठी मागितली, तिच्यावर "बरोबर केले" एवढं लिहून खाली सही केली आणि म्हणाले, "याच्या प्रती पाठवा सगळीकडं. आणि पुन्हा असलं काही माझ्याकडून लिहून घेऊ नका."

त्यानंतर चिठ्ठ्यांचा असा मारा सुरू झाला की मी बेजार झालो. लिफाफ्याचा रंग वेगळा का, इथपासून विचारायला लागले. वर्गात मी घसा फोडला तेव्हा एकानंही विचारलं नव्हतं. पहिल्या विचारणारीचं काय होतं, ते बघत सगळे थांबले होते. पंधरा दिवसांत एका सेंटरवर पुन्हा खोटं पत्र आणि मागोमाग जीप गेली. "उत्तराची गाडी येऊ द्या," असं सेंटरवाल्यानं म्हटल्याबरोबर जीप निघून गेली. माणूस सापडला नाही. पोती मात्र जागेवर राहिली.

सुमनबाईंच्या कायम होण्याच्या कागदावर संचालकांची सही लागायची. ती त्या हंगामात झाली नाही, पुढच्या वर्षी झाली. आम्हा सगळ्यांच्या शिकण्याची किंमत त्यांनी एक वर्ष टेंपररी राहून भरली, आणि त्याबद्दल मला त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. पुढं मला कुठूनही ट्रेनिंगसाठी बोलावणं आलं, की मी आधी विचारायचो, तिथले साहेबही वर्गात बसणार आहेत का? नाही म्हणाले, तर मी जात नसे.