धागा बांधलेला टोमॅटो

टोमॅटोच्या पानांचा उग्र वास बोटांना लागला की माझं डोकं अजूनही तापतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. चाकणच्या बाजारतळावर शेतकी प्रदर्शन भरलं होतं. आमच्या मळ्यातला चुण्याचुण्यांचा गावठी टोमॅटो सासूबाईंनी माहेराहून आणलेल्या बियांचा. दरसाल सगळ्यात देखण्या फळाला त्या लाल धागा बांधायच्या. ते फळ बियांसाठी, त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी हंगाम सरला, झाडं वाळली, आणि धाग्याचं तेवढं एकच फळ उरलं. नवरा म्हणाला, "आगं, त्येच घे. दाखवायचं आन् माघारी आणायचं." मीच मूर्ख, धागा सोडला. मांडवात लोक वाकून वाकून बघत होते आणि मी फुगले होते. तेवढ्यात परीक्षक साहेबांनी सुरी मागवली, फोडी केल्या आणि मीठ लावून त्यांनी आणि बरोबरच्या दोघा परीक्षकांनी मिटक्या मारत संपवल्या. "सायेब, बी तरी ऱ्हाऊ द्या!" मी ओरडले. "बाई, बी आम्ही देऊ की, सरकारी!" म्हणत साहेब हसले आणि पहिला नंबर लिहून दिला. घरी सासूबाईंनी विचारलं, "बी कुटं हाय?" मी कागद पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही, माझ्या पदराच्या गाठीतला धागा तेवढा सोडून घेतला. आता नातवंडं चौकटीतल्या त्या कागदाचं कौतुक करतात, आणि मला दिसतं ते साहेबांच्या मिशीला चिकटलेलं बी.