भावजींची बंद वायर

माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ, आमचे भावजी, आठवडाभर शिलाई मशीन दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये बेस गिटार वाजवतात. बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि तिचा आवाज खर्जातला, गाण्याच्या तळाशी चालणारा. पार्टीतले लोक गाणाऱ्या बाईकडे बघतात, ड्रम बडवणाऱ्याकडे बघतात, वाढप्याच्या हातातल्या ताटाकडे तर फारच बघतात. बेसवाल्याकडे कोणी बघत नाही. भावजींना त्याचं कधी वाईट वाटलेलं मला आठवत नाही. स्टेजवर ते मागे, कोपऱ्यात, एका जागी उभे राहतात, म्हणून बँडमधले त्यांना खांब म्हणतात.

त्यांचा बँड स्वतःची गाणी करत नाही. लोकांच्या ओठांवर असलेली जुनी गाणी जशीच्या तशी वाजवायची, एवढंच काम. तरुणपणापासून ते हेच करत आले. बँड मोडले, नवे जुळले, एका वर्षी तर सगळ्यांना चमचमते कोट शिवले होते आणि भावजींच्या अंगावर तो कोट उशीच्या अभ्र्यासारखा दिसायचा. जड स्पीकर मालाच्या लिफ्टमधून वर न्यायचा, स्वयंपाकघराच्या बोळात उभ्याने जेवायचं, पाहुणे निघाले की वायरी गुंडाळायच्या. "वहिनी, इथल्या सगळ्या मोठ्या हॉटेलांचे मागचे दरवाजे मला पाठ आहेत," ते म्हणायचे. "पुढून नेलंत तर मी हरवेन."

त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, दवाखान्यात रुग्णांची नावं नोंदवायला बसते आणि तिच्या जिभेला हाड नाही. "लोकांच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत हे आहेत," ती म्हणते. "आमच्याच फोटोत तेवढे अर्धे कापले गेलेत."

आम्ही एकाच घरात राहतो, ते दोघं वर आणि मी खाली. त्यामुळे भावजींचा सराव मी वर्षानुवर्षं छतातून ऐकत आले आहे. शिवाय कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी मला गायनवृंदात कायम खालच्या सुरांच्या रांगेत उभं केलं होतं, तेव्हापासून माझा कान आपोआप खाली जातो. म्हणूनच त्या दुपारी जे झालं ते माझ्या लक्षात आलं. नाहीतर मीही टाळ्या वाजवून घरी आले असते.

शेजारच्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून हॉटेलात जेवण होतं आणि स्टेजवर भावजींचा बँड होता. बँडचे प्रमुख मास्तर. ते कीबोर्ड वाजवतात आणि भावजींचे तरुणपणापासूनचे मित्र आहेत. बँडमध्ये व्हायोलिनवाले नाहीत, तेव्हा व्हायोलिन, बासरी असलं काही मास्तर लॅपटॉपमधून सोडतात आणि ड्रमवाला कानाला हेडफोन लावून त्याच्याशी ताल जुळवतो. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात लपवाछपवी नाही.

एका जलद गाण्याच्या मध्येच भावजींच्या गिटारचा पट्टा खुंटीवरून निसटला. गिटार सरकली. कडेवरून घसरणारं मूल सावरावं तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली. दोन्ही हात लाकडावर होते, तारांवर एकही बोट नव्हतं. आणि हॉलमध्ये खर्जाचा आवाज चालूच होता. एक ठोका चुकला नाही.

माझा चमचा हातातच राहिला. भावजींनी पट्टा अडकवला, पुन्हा वाजवायला लागले, आवाजात कसलाच फरक पडला नाही. नळ बंद केल्यावरही पाणी धो धो वाहत राहावं आणि घरातल्या कोणी मान वर करू नये, तसं मला वाटलं.

मी उठून हॉलच्या मागच्या टोकाला गेले. साउंडवाला मिक्सरपाशी बसला होता.

"खांबांचा आवाज कुठून येतोय?" मी विचारलं.

"आजी, आइस्क्रीम घेतलंत का? संपत आलंय."

"मी त्यांची वहिनी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या सरकत्या बटणांकडे पाहिलं. प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर एकेक नाव होतं. 'खांब' लिहिलेलं बटण अगदी तळाशी ओढलेलं होतं.

"मास्तरांना विचारा," तो हळूच म्हणाला. "मी सांगकाम्या माणूस."

"त्यांना माहीत आहे का?"

"मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात, आणि त्यांच्या मागे त्यांचा छोटा स्पीकर असतो ना. त्यांना स्वतःचं ऐकू येतं." मग जरा थांबून म्हणाला, "फक्त त्यांनाच."

मी खुर्चीवर परत येऊन बसले. साउंडवाल्याला माहीत, मास्तरांना माहीत, म्हणजे बाकीच्यांनाही माहीत असणार. शेवटी गाणाऱ्या बाईने एकेकाची ओळख करून दिली. "आणि बेसवर आमचे खांब," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भावजींनी नम्रपणे मान झुकवली. ते मला बघवलं नाही.

सांगू की नको, असा घोळ मी घातला नाही. आपलं माणूस पाठीला कागद चिकटलेला घेऊन चारचौघांत हिंडत असेल तर सांगायचंच असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चहाला खाली आली, तेव्हा पाहिलं ते सांगितलं.

भावजी हसले. "लॅपटॉपमधलं काहीतरी ऐकलं असेल तुम्ही, वहिनी."

"बटण खाली होतं, भावजी. तुमचं नाव होतं त्याच्यावर."

"तेवढ्यापुरतं खाली घेतलं असेल. वायर शिट्टी मारते कधीकधी."

"शिट्टी मारते ती साउंडवाल्याला ऐकू येते आणि तुम्हाला येत नाही?" धाकटी म्हणाली.

त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या प्रोग्रॅमला दोघी चला. सोक्षमोक्षच लावू." त्यांच्या आवाजात अजून गंमत होती.

पुढचा प्रोग्रॅम एका फर्निचरच्या शोरूमच्या उद्घाटनाचा होता. आम्हाला प्लॅस्टिक चढवलेल्या विकाऊ सोफ्यावर बसवलं. धाकटीने आधी किमतीची चिठ्ठी वाचली आणि मग बसली, तीही कडेवर. पहिलं गाणं भावजींनी नीट वाजवलं. दुसऱ्या गाण्यात त्यांनी डावा हात गिटारवरून काढून खाली सोडला आणि उजव्या हाताने एकच जाड तार छेडत राहिले, गाणं संपेपर्यंत तेवढी एकच. शोरूमभर मात्र खर्ज वर चढत होता, उतरत होता, वळणं घेत होता. ड्रमवाला डोळे मिटून मान डोलावत होता. भावजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कीबोर्डमधून मान वर काढत नव्हते.

तिसरं गाणं सुरू झालं आणि भावजींनी गिटार गळ्यातून काढली, स्टँडवर ठेवली, पायऱ्या उतरले आणि येऊन आमच्या मध्ये बसले. प्लॅस्टिक करकरलं. गाणं त्यांच्यावाचून व्यवस्थित चाललं होतं.

"घरी जाऊ या," धाकटी म्हणाली.

"थांब जरा."

ते ऐकत होते. गाण्यात एक जागा आली, जिथे खालचा सूर एक छोटी घसरगुंडी घेऊन वर येतो. मूळ गाण्यात ती नाही. ती भावजींनी हौसेने घातलेली आहे, छतातून ऐकून ऐकून मला ती झोपेतही ओळखू येईल. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, तिलाही कळलं होतं.

"वहिनी," भावजी म्हणाले, "हा मीच आहे."

कार्यक्रम संपल्यावर मागच्या गोदामात, गुंडाळलेल्या गाद्यांच्या राशींमध्ये सगळे जमले. मास्तर एका खोक्यावर बसले.

"तालमीत मी प्रत्येकाचं वेगळं रेकॉर्डिंग करायचो," ते म्हणाले. "चुका कळाव्यात म्हणून. आठवतं?"

"त्याला वर्षं झाली."

"हो. तेव्हाचा तू आहेस तो."

"मग आत्ताच्या मला काय झालंय?"

गाणारी बाई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

"तुझं तिसरं बोट," मास्तर म्हणाले. "उशिरा पडतं. दोन पार्ट्यांना लोकांनी येऊन विचारलं, आज बँड असा डगमगतोय का म्हणून. मी काय करायचं होतं? तुला काढायचं? कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या लग्नात वाजवलंयस तू."

"आणि जेवले स्वयंपाकघराच्या बोळात, सवयीने," धाकटी म्हणाली.

"बोट आखडतं हे तुला कळलं नव्हतं का?" मास्तरांनी विचारलं.

"कळलं होतं. दुकानात बारीक स्क्रू धरवत नाही." भावजींनी तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला. "तुम्हाला ऐकू येतंय, हे कळलं नव्हतं."

इतका वेळ मला मास्तरांचा राग आला होता. या वाक्याने तो कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काय ठेवावं ते मला सुचेना. धाकटीने तर त्यांचा तो हात ओढून स्वतःच्या हातात घेतला. लोकांना डॉक्टरांच्या खोलीत आत सोडण्यात तिचा जन्म गेला आणि घरातलं बोट तिला दिसलं नव्हतं.

"चालू ठेव असंच," मास्तर म्हणाले. "तू उभा राहिलास की पुरे. तू नसलास तर स्टेज उघडं पडतं."

"मग कपड्यांच्या दुकानातून पुतळा आण," भावजी म्हणाले. "स्वयंपाकघरात जेवायला तरी मागणार नाही."

त्यानंतर गिटार जिन्याखाली गेली. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा झिजलाय, कोमट पाण्यात बोट हलवत राहा, पण पहिल्यासारखं होईल अशी आशा धरू नका. छत गप्प झालं. मास्तरांचे निरोप यायचे, भावजी उत्तर द्यायचे नाहीत. पुतळा होऊन उभं राहायचं की वाजवणंच सोडायचं, याखेरीज तिसरी वाट कोणालाच दिसत नव्हती. आयुष्यभर केलेली गोष्ट माणूस अशी जिन्याखाली ठेवू शकतो, याचा मला रोज नव्याने धक्का बसायचा.

एके दुपारी मी मटार सोलत होते आणि भावजी गिटार घेऊन माझ्या खोलीत आले.

"तुम्हाला ऐकू येतं, वहिनी. सूर उशिरा पडला की सांगायचं. माझी भीड धरायची नाही."

तिसरं बोट त्यांनी रजेवर पाठवलं होतं. उरलेल्या बोटांनी त्याची जागा घ्यायची, म्हणजे हाताला मुरलेली प्रत्येक चाल मोडून नव्याने बसवायची. ते वाजवत, मी मटार सोलत ऐके.

"उशिरा," मी म्हणायचे.

"आत्ता?"

"आत्ताही."

"ते मुद्दाम लांबवलं होतं."

"मुद्दामही उशिराच आलं."

धाकटी जिन्यावरून ओरडायची, "जाऊबाई, नापास करा त्यांना, म्हणजे दळणाला तरी जातील."

संथ गाणी हळूहळू जमली. जलद गाणी जमेनात. मग भावजी मास्तरांकडे गेले आणि सांगून आले: माझी वायर उघडायची. येतात तेवढीच गाणी मी वाजवीन, बाकीच्या गाण्यांना स्टेजवर खुर्ची टाकून बसेन. मी आणि रेकॉर्डिंगमधला तो जुना मी, दोघांपैकी एका वेळी एकानेच वाजवायचं. मास्तरांनी "बघू" म्हटलं, आणि ते नाही म्हणाले नाहीत एवढ्यावर आम्ही समाधान मानलं.

प्रोग्रॅम एका ज्येष्ठांच्या क्लबमध्ये होता, दुपारच्या नाचाचा. मी मिक्सरजवळची खुर्ची धरली. पहिल्या संथ गाण्याला साउंडवाल्याने तळाचं ते बटण वर ढकललं आणि भावजींचा आत्ताचा आवाज हॉलमध्ये आला. खोटं कशाला लिहू, रेकॉर्डिंगमधला आवाज जास्त गोल होता. हा बारीक होता, जपून पाऊल टाकणारा. पण त्यांनी हात थांबवला की तो थांबत होता, आणि तेवढं मला पुरेसं होतं.

जलद गाण्यांना ते खरोखरच खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवून. मागून त्यांचंच जुनं वाजवणं हॉलभर घुमत होतं आणि त्यांचा पाय त्याला ताल देत होता. माझ्या गेलेल्या यजमानांच्या फोटोकडे मी जशी बघते, तसा स्वतःलाच ऐकत बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी नजर दुसरीकडे वळवली.

शेवटचं गाणं ते घसरगुंडीचं होतं. ठरल्याप्रमाणे ते खुर्चीचं गाणं. भावजी उठले आणि त्यांनी गिटार गळ्यात घातली. मास्तरांनी मानेनेच नाही म्हटलं, पण तोवर ड्रमवाल्याने सुरुवात केली होती. साउंडवाल्याने मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, काय करू?"

"वर घ्या," मी म्हणाले.

त्याने जुना आवाज खाली ओढला आणि नवा वर घेतला. भावजी घसरगुंडीवरून खाली उतरले आणि वर येताना बोट अडकलं. सूर उशिरा पडला, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू येईल असा. गाणारी बाई अडखळली. नाचणाऱ्या एका आजोबांचं पाऊल बायकोच्या पावलावर पडलं. भावजी थांबले नाहीत. गाण्याच्या किंचित मागून चालत ते शेवटापर्यंत पोचले.

परतताना मास्तरांच्या गाडीत सगळे दाटीवाटीने बसलो होतो.

"ते गाणं पुढच्या वेळी नको," मास्तर म्हणाले.

"पुढच्या वेळी जरा संथ घे."

"संथ घेतलं तर लोक नाचतील कसे?"

"पाहिलंस ना त्यांना. त्यांना तेच झेपेल."

"रेकॉर्डिंग संथ केलं की रडकं वाजतं."

"मग लॅपटॉप बंद कर."

ड्रमवाल्याने मागून मान पुढे काढली. "आणि मी ताल कोणाच्या भरवशावर धरू?"

"माझ्या," भावजी म्हणाले.

शेजारी बसलेल्या धाकटीने माझा हात घट्ट धरला.

"आणि व्हायोलिन?" गाणाऱ्या बाईने विचारलं.

"व्हायोलिन गेलं," मास्तर म्हणाले. "मंगळवारी तालीम. सगळ्यांनी यायचं."