मावशीचं सलाईन

स्पिरिटचा वास आला की मला डोंबिवलीतला तो दवाखाना आठवतो. औषधांपेक्षा डॉक्टरांच्या सत्कारांचे फोटोच तिथे जास्त होते. मावशीला जिना चढताना धाप लागायची, म्हणून काका आणि मी तिला घेऊन गेलेलो. "काय होतंय यांना?" डॉक्टरांनी काकांना विचारलं. "छाती आवळल्यासारखी होते, जबडा दुखतो," मावशीच म्हणाली. डॉक्टर काकांकडे बघूनच हसले. "या वयात बायका टेन्शन फार घेतात. सलाईन लावू, तरतरी येईल. तुम्ही मात्र आलाच आहात तर कार्डिओग्राम काढून घ्या." काकांना काहीही होत नव्हतं, तरी ते लगेच शर्टाची बटणं सोडायला लागले. "तुझाही काढायला सांगते," मी मावशीच्या कानाशी म्हटलं. "राहू दे गं, तासभर आडवं पडायला मिळतंय," म्हणत तिनं डोळे मिटले. काकांचं हृदय उत्तम निघालं. मावशीचं त्याच आठवड्यात, पोळ्या लाटताना, ओट्यापाशी बंद पडलं. काका आता एकटे राहतात. मी भेटायला गेले की म्हणतात, "तिच्या उपचारांत मी काही कमी केलं नाही हं." ते अगदी मनापासून म्हणतात.